‘वाजवी’ हा शब्द कायद्यात नेमकं काय काम करतो?

पांथस्थ

गेले काही महिने एका शब्दाने मला सोडलेलं नाही: वाजवी. कायद्याचं कुठलंही पुस्तक उघडा, पानोपानी तो भेटतो. वाजवी काळजी, वाजवी मुदत, वाजवी संशय, वाजवी निर्बंध. आरोपीला शिक्षा द्यायची की सोडायचं, सरकारने घातलेली बंदी टिकवायची की रद्द करायची, एवढं वजन या शब्दावर टाकलेलं असतं. त्याची नेमकी व्याख्या मात्र शोधून सापडत नाही.

सुरुवात एका गंजीपासून करतो. १८३७ सालचा इंग्लंडमधला खटला, वॉन विरुद्ध मेनलव्ह. मेनलव्हने शेजाऱ्याच्या घरांलगत वाळल्या गवताची गंजी रचली होती. ती पेट घेईल, असं लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं. तो म्हणाला, बघू काय होतं ते. गंजीत त्याने हवा खेळायला एक धुराडं तेवढं ठेवलं. अखेर गंजी पेटली आणि शेजाऱ्याची घरं जळाली. त्याच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आलं की त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे केलं, बुद्धी बेताची असणं हे त्याचं दुर्दैव. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी ते मानलं नाही. ज्याची त्याची समज धरून चाललो तर माप ज्याच्या त्याच्या पावलाच्या लांबीइतकं बदलत राहील, असं ते म्हणाले. सर्वसाधारण शहाणा माणूस अशा वेळी जितका जपून वागला असता, तेवढी काळजी त्यांनी मागितली.

या निकालात मेनलव्हच्या प्रामाणिकपणावर कुणी शंका घेत बसलं नाही, याचं मला फार महत्त्व वाटतं. घरं दुसऱ्याची जळणार होती. तेव्हा धोका किती पत्करायचा हे त्याने एकट्याने, स्वतःच्या मापाने ठरवून चालणार नव्हतं.

तर्कशुद्ध आणि समंजस यांतला फरक आपण मराठीत रोज करतो. ‘त्याचं बोलणं तर्काला धरून आहे, पण माणूस समंजस नाही’ हे वाक्य कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. हिशेबी माणूस आपल्या मुक्कामाची जवळची वाट शोधतो. समंजस माणूस त्या वाटेत दुसऱ्याचं अंगण लागतं का, हेही बघतो. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९९३ च्या ‘पोलिटिकल लिबरलिझम’मध्ये याच फरकावर बरंच काही उभं केलं आहे. ज्याचा हात वर आहे त्याने सौद्यात आपल्या ताकदीचा पुरेपूर फायदा घेणारी अट घातली, तर ती हिशेबाने बिनचूक असते, पण वाजवी असेलच असं नाही.

अवांतर: ‘वाजवी’ आपल्याकडे अरबी ‘वाजिब’वरून आला. वाजिब म्हणजे करणं भाग असलेलं, बंधनकारक. इंग्रजी ‘रीझनेबल’ शब्दाच्या पोटात ‘कारण’ आहे, आपल्या शब्दाच्या पोटात ‘देणं’ आहे. मला हे दोन्ही एकत्र हवे आहेत. म्हणून माझी मांडणी अशी: माझ्या कृतीचा भार ज्याच्यावर पडणार आहे, त्याच्यासमोर उभं राहून सांगता येईल असं कारण माझ्यापाशी आहे का, हे विचारणं हे या शब्दाचं काम. गंजी रचणाऱ्यालाही हाच प्रश्न आणि सरकारलाही हाच.

हे कितपत टिकतं, ते तुम्ही सांगा.

पूर्वपक्ष

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. ‘वाजवी’ हे रिकामं भांडं आहे. न्यायाधीश त्यात स्वतःचं मत ओततो आणि मग ते समाजाचं मत म्हणून बाहेर काढतो.

हे मी आकसाने म्हणत नाही, सर्वोच्च न्यायालयाने स्वतः जवळपास हेच कबूल केलं आहे. मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो, १९५२. सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी सांगितलं की वाजवीपणाचं सगळ्या प्रकरणांना लागू पडेल असं एकच माप घालून देता येत नाही. हक्काचं स्वरूप काय, निर्बंधामागचा हेतू काय, ज्या अनिष्टावर उपाय करायचा ते किती मोठं आणि किती तातडीचं, उपाय त्याच्या प्रमाणात आहे का, त्या वेळची परिस्थिती काय, हे सगळं बघायचं. आणि पुढे असंही म्हटलं की हे ठरवताना न्यायाधीशांचं सामाजिक तत्त्वज्ञान आणि त्यांची मूल्यं यांचा वाटा असणं अटळ आहे. मग आपण कशाच्या भरवशावर बसलो आहोत?

मुद्देसूद

मी कनिष्ठ न्यायालयात दिवाणी दावे चालवते. पूर्वपक्ष, तुम्ही रो निकालाचं शेवटचं वाक्य अर्ध्यावर सोडलंत. शास्त्रींनी तिथेच न्यायाधीशांना आवर घालायलाही सांगितलं आहे: राज्यघटना केवळ तुमच्यासारखा विचार करणाऱ्यांसाठी नाही, सर्वांसाठी आहे, आणि लोकांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या बहुमताने तो निर्बंध आवश्यक मानला आहे, हेही ध्यानात ठेवा.

आता ‘रिकामं भांडं’ या शब्दांबद्दल. हा शब्द काढून टाकला तर त्याच्या जागी काय ठेवाल? ‘गंजी शेजाऱ्यापासून इतक्या हातांवर हवी’ असा नियम केलात की पुढचं भांडण गंजीचं नसतंच, रसायनाच्या पिंपाचं असतं. जगात अपघातांचे प्रकार कायद्यातल्या कलमांपेक्षा नेहमीच जास्त असणार.

आणि भांडं वाटतं तितकं रिकामंही नाही. अमेरिकेत १९४७ साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी एका बार्जच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीच्या, खटल्यात हिशेब मांडून दाखवला: अपघाताची शक्यता गुणिले होणारं नुकसान, आणि समोर खबरदारीचा खर्च. खबरदारी स्वस्त असूनही घेतली नाही, तर निष्काळजीपणा. राखणदार एकवीस तास बार्ज सोडून गेला होता, दिवसाच्या कामाच्या वेळेतही नव्हता, आणि त्याचं पटण्यासारखं कारण त्याला देता आलं नाही. तो हिशेब बरोबर की अपुरा यावर आजही वाद आहेत. पण वाद घालता येतो, म्हणजे आत काहीतरी आहे.

अल्पाक्षरी

साधा प्रश्न. हा ‘वाजवी माणूस’ सरासरी माणूस आहे की आदर्श? दोन्ही एकदम कसा असेल?

पांथस्थ

अल्पाक्षरी, प्रश्न साधा नाही, मुळावरचा आहे.

सरासरी म्हणावं तर हँड यांचाच १९३२ चा निकाल आडवा येतो. टी. जे. हूपर नावाची टगबोट आणि तिची जोडीदार कोळशाने भरलेल्या बार्जेस ओढत होत्या. वादळात बार्जेस बुडाल्या. वादळाचे इशारे रेडिओवर दिले गेले होते, पण या बोटींवर चालू स्थितीतला रेडिओच नव्हता. बचाव असा की त्या काळी बहुतेक टगबोटींवर तो नसायचा. हँड म्हणाले, एखादा सबंध धंदाच मागे राहिलेला असू शकतो. काही खबरदाऱ्या इतक्या उघड असतात की सगळ्यांनीच त्या टाळल्या म्हणून कुणाची सुटका होत नाही. म्हणजे सरासरी हे माप नव्हे.

आदर्श म्हणावं तर तेही जमत नाही. सदैव सावध, कधीही न चुकणारा माणूस माप म्हणून धरला तर प्रत्येक अपघातात कुणीतरी दोषी ठरेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केव्हिन टोबिया यांच्या प्रयोगांत लोकांना एखाद्या गोष्टीचं सरासरी प्रमाण, आदर्श प्रमाण आणि वाजवी प्रमाण विचारलं, तर वाजवीचा आकडा बहुधा या दोहोंच्या मध्ये पडला. आपण एकमेकांकडून जे हक्काने मागू शकतो ते जे घडतं त्याहून थोडं वर आणि जे घडायला हवं त्याहून थोडं खाली असतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. तारतम्य हा शब्द आपल्याकडे आहेच.

रात्रपाळी

डॉक्टर म्हणून लिहितो. आमच्याकडे हा शब्द कुणाच्या डोळ्यांनी वाचायचा, तेच साठ वर्षांत पालटलं.

इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम निकालाने ठरवलं की त्या वैद्यकशाखेतल्या जबाबदार तज्ज्ञांच्या एका गटाला जी पद्धत योग्य वाटते, तिने वागणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात हीच कसोटी मानली. शस्त्रक्रिया कशी करायची यासाठी ती मला आजही योग्य वाटते. पण रुग्णाला काय सांगायचं हेही याच मापाने ठरत होतं, आणि तिथे ते चुकत होतं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा माँटगोमेरी निकाल वाचा. आई मधुमेही, चणीने लहान. अशा बाळंतपणात बाळाचा खांदा अडकण्याचा धोका नऊ ते दहा टक्के. डॉक्टरांनी तो सांगितला नाही, कारण सांगितला तर बायका सिझेरियन मागतील असं त्यांना वाटत होतं. खांदा अडकला, बाळाला कायमचं अपंगत्व आलं. न्यायालयाने प्रश्नच फिरवला: डॉक्टरांना काय सांगणं योग्य वाटतं ते बाजूला ठेवा, या रुग्णाच्या जागी असलेल्या वाजवी माणसाला कोणता धोका महत्त्वाचा वाटला असता? आणि या विशिष्ट रुग्णाला तो महत्त्वाचा वाटेल, हे डॉक्टरला कळायला हवं होतं का?

तो निकाल वाचला त्या रात्री मी आधी समजावून सांगितलेले कित्येक धोके आठवत बसलो. बऱ्याचदा मी मला पटलेली निवड सोपी व्हावी अशा बेताने बोललो होतो. वाईट हेतू नव्हता. मेनलव्हचाही नव्हता.

काठावरून

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद थेट भिडला. मला तोच धागा पुढे न्यायचा आहे.

हा ‘वाजवी माणूस’ शतकभर ‘वाजवी पुरुष’ होता, शब्दशः. स्वसंरक्षणाच्या खटल्यांत ते फार महागात पडतं. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७७ मध्ये वॅनरो खटला आला. बाई पाच फूट चार इंच, पायाला प्लास्टर, हातात कुबडी. समोर सहा फूट दोन इंच उंचीचा, नशेत असलेला माणूस. तिने गोळी झाडली. ज्युरीला दिलेल्या सूचना सगळ्या पुल्लिंगी होत्या, जणू दोन पुरुष बरोबरीने उभे आहेत आणि त्यातल्या एकाने उगाच शस्त्र उचललं. न्यायालयाने ती सूचना चुकीची ठरवली. तिला काय माहीत होतं, तिचं शरीर काय करू शकत होतं, हे सगळं धरून तिची भीती वाजवी होती का ते बघायचं.

आता याच्या शेजारी १९८९ चा ग्रॅहम विरुद्ध कॉनर ठेवा. मधुमेही माणूस, साखर उतरलेली, संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला, रांग मोठी दिसली म्हणून घाईने बाहेर पडला. एवढ्यावरून पोलिसाला संशय आला. बेड्या पडल्या, ओढाताण झाली, पाय मोडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी अशी: घटनास्थळी असलेल्या वाजवी अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नाही, कारण त्याला क्षणार्धात ठरवावं लागतं.

दोन्हीकडे ‘त्याच्या जागी उभं राहून बघा’ असंच म्हटलं आहे. पण एकीकडे जागा आहे दुबळ्याची आणि दुसरीकडे ज्याच्या कमरेला शस्त्र आहे त्याची. रस्त्यावर पडलेल्या त्या मधुमेही माणसाला क्षणार्धात काय वाटलं, हा प्रश्न कसोटीत कुठे आहे? पांथस्थ, कारण कुणासमोर उभं राहून सांगायचं हे तुम्ही पहिल्या लेखात बरोबर लिहिलं आहे. कायदा मात्र ते दरवेळी पाळत नाही.

मुद्देसूद

काठावरून, +१. ग्रॅहमबद्दल माझीही हीच तक्रार आहे.

अभ्यासिका

राज्यशास्त्राच्या बाजूने थोडी भर. रॉल्सच्या वाजवी नागरिकाच्या दोन खुणा आहेत. इतरही पाळणार असतील तर सहकार्याच्या रास्त अटी सुचवायच्या आणि स्वतःही पाळायच्या, ही पहिली. दुसरी जास्त अवघड. पुरावे गुंतागुंतीचे असतात, त्यांना किती वजन द्यायचं यावर मतभेद होतात, प्रत्येकाचं आयुष्य त्याला वेगळ्या बाजूने बघायला शिकवतं. म्हणून प्रामाणिक, विचारी माणसंही धर्म, नीती, जीवनाचा अर्थ यांवर कायम वेगवेगळी राहतील, हे मनापासून मान्य करायचं. ते मान्य केलं की आपल्या संपूर्ण जीवनदृष्टीची सक्ती इतरांवर राज्यसत्तेच्या बळावर करता येत नाही.

पूर्वपक्ष यांच्या शंकेला इथे सगळ्यात सबळ पुरावा खुद्द रॉल्सच पुरवतो. १९९३ च्या त्या पुस्तकातल्या एका तळटीपेत त्याने लिहिलं की राजकीय मूल्यांचा कुठलाही वाजवी तोल साधला तर गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत स्त्रीला गर्भपाताचा हक्क मिळेलच, आणि हे नाकारणारी भूमिका तेवढ्यापुरती अवाजवी ठरेल. टीका झाली. पुढे त्याने खुलासा केला की ते त्याचं मत होतं, युक्तिवाद नव्हे. निष्कर्ष मला मान्य आहे. तरी ‘वाजवी’ हा शब्द तिथे युक्तिवादाच्या जागी बसवला गेला होता, हे नाकारता येत नाही. राजकीय विचारवंत शांताल मूफ यांचा आक्षेप नेमका हाच आहे: कोण वाजवी आणि कोण नाही ही रेषा आखणं हीच राजकीय कृती, आणि ती तटस्थ असल्याचं भासवलं की विरोधकाला उत्तर न देताच बाहेर काढता येतं.

पूर्वपक्ष

अभ्यासिका, आभार. मला हे इतकं स्पष्ट मांडता आलं नव्हतं.

पांथस्थ

मूफ यांचा आक्षेप मला बोचतो, म्हणून थांबून लिहितो.

‘वाजवी’ हे माणसाला लावायचं विशेषण केलं की ते हत्यार होतं. अमुक नागरिक अवाजवी, त्याचं ऐकायचं कारण नाही. हाच शब्द सत्तेच्या कृतीला लावला की रोख उलटा होतो. मूळ घटनेच्या कलम १९(२) मध्ये, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावरच्या मर्यादांमध्ये, ‘वाजवी’ हा शब्द नव्हता. इतर स्वातंत्र्यांच्या उपकलमांत तो ठाकूरदास भार्गव यांनी संविधान सभेत आग्रह धरल्यामुळे आला. १९(२) मध्ये तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. त्या दुरुस्तीने सरकारच्या हाती सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी कारणं दिली आणि सोबत हा एक शब्दही घातला. कारणं सरकारला मिळाली, त्या कारणांचा जाब विचारण्याची जागा या शब्दाने नागरिकाला मिळाली. तो नसता तर ‘सुव्यवस्थेसाठी’ एवढं म्हटलं की विषय संपला असता.

मनेका गांधी प्रकरण आठवा. १९७७ मध्ये पासपोर्ट जप्त झाला. त्यांनी कारणं मागितली, सरकारने ‘जनहितार्थ’ ती देणार नाही असं कळवलं. १९७८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की व्यक्तिस्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असायलाच हवी, नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा व्हाविलोव्ह निकाल आणखी पुढे जातो. टोरोंटोत जन्मलेल्या मुलाचे आईवडील रशियाचे हेर निघाले आणि अधिकाऱ्याने त्याच्या नागरिकत्वाचं प्रमाणपत्र रद्द केलं. न्यायालयाने अधिकाऱ्याने दिलेली कारणंच तपासली आणि ती पुरी पडत नाहीत असं सांगितलं. ज्याच्या आयुष्यावर परिणाम जितका मोठा, तितकं कारण भक्कम हवं.

मुद्देसूद

पांथस्थ, इथे एक खाचखळगा आहे. सरकारच्या बाबतीत ‘वाजवी’ हे माप कित्येक वर्षं फार सैल होतं. इंग्लंडमधला १९४७ चा वेन्सबरी निकाल घ्या. स्थानिक मंडळाने चित्रपटगृहाला रविवारी खेळ करायला परवानगी दिली, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना आत घ्यायचं नाही, सोबत मोठं माणूस असलं तरी नाही. चित्रपटगृह हरलं. न्यायाधीश लॉर्ड ग्रीन म्हणाले, निर्णय इतका अवाजवी हवा की कुठलंही समंजस मंडळ तो घेणार नाही, तरच आम्ही हात घालू. उदाहरण दिलं ते केस तांबडे म्हणून काढून टाकलेल्या शिक्षिकेचं. इतकं टोकाचं उदाहरण लागतं म्हटल्यावर रोजच्या कारभारातला अन्याय त्या जाळ्यातून सहज निसटतो. २००१ मध्ये लॉर्ड कुक यांनी या निकालाला कायदा मागे नेणारा म्हटलं, मला ते पूर्ण पटतं.

म्हणून मला नुसत्या ‘कारण द्या’पेक्षा प्रमाणबद्धतेची कसोटी जवळची वाटते. हेतू योग्य आहे का, उपायाने तो साधतो का, कमी जाचाचा दुसरा उपाय होता का, आणि फायद्याच्या मानाने इजा किती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ आणि २०१७ मध्ये ती उघडपणे स्वीकारली आहे.

पूर्वपक्ष

मुद्देसूद, पण कारणं बनवताही येतात की. तयार मजकुराचे आदेश मी पाहिले आहेत. ‘सर्व बाबींचा साकल्याने विचार करून’ हे वाक्य ज्या आदेशात असतं, त्यात बहुधा एकाही बाबीचा विचार केलेला नसतो. कारण मागणारा शब्द कारण लिहायची सवय लावतो, विचार करायची नाही.

एवढं मात्र मी मागे घेतो: भांडं रिकामं नाही. तळाला भोक आहे.

मुद्देसूद

अशा आदेशांशी मी रोज भांडते. तरी लिहिलेलं कारण, पोकळ का असेना, माझ्या हाती येतं. त्यातली पोकळी न्यायाधीशाला बोट ठेवून दाखवता येते. कारणच लिहिलं नसेल तर मी दाखवू काय?

काठावरून

जाता जाता एक निकाल. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश, १९५०. शेतीला मजूर मिळावेत म्हणून हंगामात काही गावांतल्या लोकांना विड्या वळायला बंदी करण्यात आली होती. हेतूला न्यायालयाने नावं ठेवली नाहीत. न्यायमूर्ती महाजन यांनी एवढंच बघितलं की बंदी कुणाकुणावर पडते. शेतात कामाला जाऊच न शकणारे अपंग, म्हाताऱ्या बायका, मुलं यांनाही घरी बसून विड्या वळायची मनाई झाली होती. वाजवी म्हणजे विचारपूर्वक आणि गरजेच्या पलीकडे न जाणारा, असं सांगून त्यांनी बंदी रद्द केली.

अर्ज केला होता कारखान्याच्या मालकाने आणि तिथल्या एका कामगाराने. त्या म्हाताऱ्या बायका दाव्यात पक्षकार नव्हत्या. त्यांना कुणी कारण दिलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. तरी निकालात त्यांचा उल्लेख आहे. पूर्वपक्ष, तो उल्लेख न्यायाधीशाने भांड्यात ओतलेलं स्वतःचं मत आहे का, यावर तुमचं म्हणणं मला खरोखर ऐकायचं आहे.

पूर्वपक्ष

नाही. ते मत नाही. हा निकाल मी वाचलेला नव्हता. वाचून येतो.